दार न लावणारी सरजाबाई

पूर्णा स्टेशनकडून बाजाराकडं येणाऱ्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान, आणि बरोबर समोर पंडितचं टीव्ही दुरुस्तीचं. त्र्याण्णव साली त्यानं दुकानाच्या पुढच्या भागात टीव्ही गेम मांडला आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. शाळा सुटली की पोरांची झुंबड. आरडाओरडा असा, की गिऱ्हाईकानं छाती चौतीस सांगितली तरी मला चोवीस ऐकू यायची. एकदोनदा मी पट्टी घेऊन भांडायलाही गेलो. पण भांडण जमायचं नाही, कारण त्या गर्दीत पहिल्या बाकड्यावर पंडितची आई बसलेली असायची. साठीला टेकलेली बाई, अंगावर नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर आणि हातात ते बटनांचं खोकं, ज्याला पोरं रिमोट म्हणायची. तिचं नाव सरजाबाई.

म्हातारपणी लोक विहारात जाऊन बसतात, नातवंडं खेळवतात, नाहीतर सुनेच्या खोड्या काढतात. सरजाबाई गेम खेळायची, आणि रोज हरायची.

गेमची कॅसेट पंडितनं हैदराबादहून आणली होती. वरची अक्षरं जपानी होती की चिनी, देव जाणे; नाव कुणालाच वाचता येत नव्हतं. पोरांनी त्याला ‘बुडीत’ असं नाव ठेवलं. एक मोठं जहाज असतं, ते समुद्रात कलंडायला लागतं आणि खालून पाणी चढतं. टोपीवाला एक खलाशी असतो, तो म्हणजे आपण. त्याला जिने चढत, उड्या मारत वर उघड्यावर काढायचं. वाटेत खोल्या-खोल्यांत अडकलेली माणसं भेटतात. जवळ जाऊन बटन दाबलं की ती मागं चालू लागतात. शेवटी किती माणसं वाचली ते पडद्यावर दिसतं.

जहाजात जागोजागी लोखंडी दारं होती. दार ओलांडून मागं लावून घेतलं की पाणी तिकडंच अडायचं आणि वर जायला सवड मिळायची. अर्थात दाराच्या पलीकडं जो राहिला तो राहिला. ही युक्ती पोरांनी पहिल्याच आठवड्यात शोधून काढली. चपळ माणसं गोळा करायची, दार लावायचं आणि वर पळायचं. सगळ्यात खालच्या खोलीत काठी टेकत चालणारी एक म्हातारी होती. ती बैलगाडीमागं कुत्रं चालावं तशी रमतगमत यायची. तिला पोरं कधीच घ्यायची नाहीत. खाली गेलंच कोणी, तर बाकीचे ओरडायचे, “आजीला सोड, दार लाव!”

सरजाबाई आधी त्या म्हातारीकडंच जायची आणि एकही दार लावायची नाही. मग पाणी यायचं ते यायचंच.

“आजी, दार लावा की वो!” पोरं कळवळून सांगायची.

“कोणी ऱ्हायलं आसंल आत,” ती म्हणायची.

“आसं कसं बाहेर निघताल तुमी?”

“न्हाई निघाले तर न्हाई निघाले.”

एखाद्या पोरानं स्वतःच्या डावात दार लावलं तरी ती कासावीस व्हायची. “उघड, उघड आधी,” म्हणून त्याच्या मनगटाला धरायची. पंडित मागच्या टेबलावर एखादा टीव्ही उघडून बसलेला असायचा. तो मान वर करायचा, आईकडं बघायचा आणि पुन्हा तारांमध्ये डोकं घालायचा. तो तसा मुळातच अबोल. गिऱ्हाईकाला टीव्ही दुरुस्त झाला हेसुद्धा तो सांगायचा नाही, चालू करून दाखवायचा.

सरजाबाई दार का लावत नाही, हे मला माहीत होतं. आमच्या वस्तीत सगळ्यांनाच माहीत होतं.

ताडकळसच्या अलीकडं आडवाटेला तिचं गाव. गावाचं नाव मी सांगत नाही. आग लावणाऱ्यांची नावं कोणी सांगितली नाहीत, मग एकट्या गावाचंच नाव कशाला? नवरा सिताराम सालगडी होता. घर बौद्धवाड्यात, कुडाचं, वर कापसाच्या वाळल्या पळाट्या आणि गवत. दोन लेकरं, पंडित आणि चंद्रभान. शेजारीच धाकटा दीर आणि जाऊ बायनाबाई राहायची. सासू होती कडूबाई, नजरेनं अधू झालेली. दोन भावांत शेत नव्हतंच वाटायला, मग त्यांनी आई वाटून घेतली. एक आवस ते दुसरी आवस थोरल्याकडं, पुढची आवस येईपर्यंत धाकट्याकडं. याला पाळी म्हणायचे. पाळी बदलली की कडूबाई आपली वाकळ आणि जर्मनचं ताट घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात जायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. गावोगाव अशाच म्हाताऱ्या या दारातून त्या दारात फिरत असतात.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटायला लागल्या. ज्या दिवशी या गावाची वेळ आली त्या दिवशी आवस होती. सकाळी सरजाबाई सासूला म्हणाली, “आत्याबाई, आजपासून तुमी तिकडं,” आणि खुरपायला गेली. कडूबाई ताट घेऊन धाकट्याच्या दारात गेली. तिथं कोणी नव्हतं, बायनाबाईही खुरपायलाच गेलेली. म्हातारीनं ताट उंबऱ्यावर ठेवलं, वाकळ आणायला परत थोरल्याच्या घरात आली आणि मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, कणगीच्या आड, जरा आडवी झाली.

दिवस कलायला लागला तेव्हा बाया शेतातून आल्या. सरजाबाईनं जावेच्या उंबऱ्यावर सासूचं ताट बघितलं. गेली म्हातारी तिकडं, असं तिला वाटलं. बायनाबाईनंही तेच ताट बघितलं. म्हातारी वाकळ आणायला थोरल्याकडं गेली, असं तिला वाटलं. दोघींचंही बरोबर होतं आणि तेवढ्यात वेशीकडून आरडाओरडा आला. माणसं रॉकेलचे डबे घेऊन येत होती. जो तो लेकरं धरून ज्वारीत पळाला. पळतानाही घर उघडं टाकायचं नाही, कुत्रं शिरतं, ही बायकांची जन्माची सवय. सरजाबाईच्या दाराला बाहेरून कडी लागली.

ज्वारी तेव्हा कमरेएवढी होती. आडवं पडून सगळ्यांनी आपापली घरं जळताना बघितली. आई त्यांच्याजवळ असेल असं हा भाऊ समजत होता, आणि आई यांच्याजवळ असेल असं तो. दुसऱ्या दिवशी राख उपसताना कडूबाई सापडली.

कुणी विचारायच्या आतच सरजाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, “कडी म्या लावली.” पंचनाम्याला आलेल्या साहेबांनाही तिनं तेच सांगितलं. साहेबांना त्याचं काही नव्हतं. पण भावकीला होतं. पाळी कोणाची होती, यावरून दोन घरांत जी जुंपली ती आजतागायत मिटली नाही. आवस सकाळी लागली की दुपारी, ताट पोचलं म्हणजे म्हातारी पोचली का, असला काथ्याकूट आमच्या लोकांनी लग्नाच्या मांडवात बसून केलेला मी ऐकला आहे. ज्यांनी आग लावली ते पारावर तंबाखू मळत या दोन जावांची भांडणं ऐकत बसायचे. मला जगात खूप गोष्टींचा राग येतो, पण याच्याएवढा कशाचाच येत नाही.

सिताराम पुढं फार जगला नाही. सरजाबाई पोरांना घेऊन पूर्णेला आली, जिनिंगमध्ये सरकीची पोती ओढली आणि दोघांना मोठं केलं. पंडित रेल्वेतल्या एका मिस्त्रीच्या हाताखाली रेडिओ शिकला. धाकटा चंद्रभान डी.एड. होऊन पालमला मास्तर झाला. मधे पंडितला पुण्याच्या एका कारखान्यात काम मिळत होतं. “जायचं तर मला घिऊन जा,” असं आई म्हणाली. तिथं एका खोलीत चारजण राहायचे. तो गेला नाही. लोक म्हणायचे, म्हातारी पोराला पदराला बांधून ठेवते. मीही म्हणायचो.

त्र्याण्णवच्या दिवाळीला चंद्रभान आला आणि त्यानं नवीनच विषय काढला. पालमला त्यानं दोन खोल्या बांधल्या होत्या, बायकोला दिवस गेले होते. आई सदानकदा दादाकडंच का, लोक मला नावं ठेवतात, असं त्याचं म्हणणं. माया खरी होती, त्यात खोट नव्हती. पण मास्तर माणूस, वेळापत्रक केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. “दिवाळी ते उन्हाळा माझ्याकडं, उन्हाळा ते दिवाळी दादाकडं. सरळ पाळी लावून टाकू.”

पाळी हा शब्द त्याच्या तोंडून गेला आणि दुकानातल्या सगळ्यांनी सरजाबाईकडं बघितलं. घर जळालं तेव्हा चंद्रभान नऊ वर्षांचा होता; त्याला तो शब्द टोचत नव्हता.

“पाळी हिरीच्या पाण्याला आसती,” सरजाबाई म्हणाली. “माणसाला नसती.”

“आगं, मी का तुला उपाशी ठिवायलोय?”

“मी हितून हलत न्हाई.”

पंडितची बायको सत्यशीला चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, “भावजी, आत्याबाई कुठं जायच्या न्हाईत. आमाला जड झाल्या का?” पंडित नेहमीसारखा टीव्हीच्या पाठीत डोकं घालून बसला होता.

चंद्रभान चिडला आणि मग हसला. पडद्यावर तेवढ्यात त्याच्या आईचं जहाज बुडालं होतं. तो म्हणाला, “बरं, आसं करू. तू ह्या जहाजातून समदी माणसं बाहेर काढ. ती काठीवाली म्हातारी बी. आन् एक बी दार लावायचं न्हाई. काढलीस तर मी पाळीचं नाव काढणार न्हाई. न्हाई निघाली तर संक्रांतीनंतर न्यायला यीन, मंग गुमान यायचं.”

“कबूल,” ती म्हणाली. असली पैज कोण कबूल करतं? दार न लावता सगळे बाहेर काढणं पूर्णेत एकालाही जमलं नव्हतं. पण हट्टाला पेटलेल्या बाईला कोण सांगणार.

त्यानंतर तिनं त्या गेमचा पिच्छाच पुरवला. कुठला जिना आधी पाण्यात जातो, कुठं जहाज उलटलं की छताची जमीन होते, हे तिला पाठ झालं. आधी म्हातारीला काढायचं, तिला जिन्याच्या तोंडाशी उभं करून ठेवायचं आणि मग बाकीचे गोळा करायचे, अशी रीत तिनं बसवली. पोरं तिच्या बाजूची झाली. ती खेळायला बसली की सगळी आपले डाव सोडून बाजूला बसायची. पण काही ना काही आडवं यायचं. म्हातारी पाय घसरून पडायची, नाहीतर ऐन वेळेला लाइट जायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

“टेलर,” ती एकदा मला म्हणाली, “हे मला जमलं पायजे बघ. मला पंडितला सोडून जाता येत न्हाई.”

“पंडित काय कुक्कुलं बाळ हाय का?” मी म्हणालो. ती पुन्हा पडद्याकडं वळली. मला वाटलं, तिला त्या पाळीची धास्ती आहे. सासूसारखं आपलंही व्हायचं, ही भीती. आणि गेम खेळते म्हणजे आपल्या हातून झालेलं पाप धुऊन काढते. चांगलं पटण्यासारखं होतं हे, म्हणून मी पुढं विचार केला नाही.

जानेवारीत गावोगावी पुन्हा कुजबुज सुरू झाली. विद्यापीठाचं काहीतरी होणार, आणि झालं तर अठ्ठ्याहत्तरसारखंच होणार, म्हणून लोक बोचकी बांधून पूर्णेला नातेवाइकांकडं यायला लागले. संक्रांतीला बातमी आली. नामांतर मागितलं होतं, नामविस्तार मिळाला, म्हणजे जुन्या नावाला बाबासाहेबांचं नाव जोडलं. काहींनी पेढे वाटले, काही जण अर्ध्या नावासाठी एवढे जीव गेले म्हणून चिडले. मी दोन्हीकडं होतो, पेढाही खाल्ला. आमच्याकडं त्या वेळी काही जळलं नाही.

पुढच्या रविवारी चंद्रभान पालमहून आला. नवी रेक्झिनची पिशवी आईच्या लुगड्यांसाठी घेऊनच आला होता. मी सत्यशीलाचं शिवलेलं झंपर द्यायला म्हणून गेलो होतो, तो तिथंच थांबलो. खोटं कशाला बोलू, खेळ बघायला थांबलो.

सरजाबाई बसली. म्हातारीला तिनं पहिल्यांदा काढलं. मग एकेक खोली करत तिनं बाकीचे जमवले. त्या दिवशी तिच्या हाताला यश होतं. इतकी माणसं त्या खलाशामागं चालताना मी तरी आधी बघितली नव्हती. शेवटच्या जिन्याशी उघडं आकाश दिसायला लागलं, आणि पोरं नाचायलाच लागली. तेवढ्यात जहाज कलंडलं. सगळे जिन्यावर होते, म्हातारी तेवढी दाराच्या पलीकडं, खाली घसरून गेली. पाणी दारापर्यंत आलं.

“दार लावा, आजी! बाकीचे तर निघतेल!” सगळी पोरं एकदम ओरडली. पैज त्यांच्या डोक्यातूनच गेली होती.

सरजाबाईनं रिमोट हातात घट्ट धरला होता. तिनं एकदा मागं वळून पंडितकडं बघितलं. मग खलाशी वळवला, दार ओलांडून खाली नेला आणि म्हातारीजवळ नेऊन उभा केला. दोघांवरून पाणी गेलं. जिन्यावरचेही वाचले नाहीत.

पोरं हळहळली. पंडितनं टीव्ही बंद केला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. मला त्यानं काढलं नाही, मीही उठलो नाही.

“हारलीस, आई,” चंद्रभान म्हणाला. जिंकल्याचा आनंद त्याला नव्हता, उलट तो वैतागला होता. “आगं, एवढ्या जणांना बुडवलीस एकीसाठी! खेळच हाय तो. किती दिवस तू ती कडी उरावर घिऊन बसणार? लावलीस तर लावलीस. झालं ते झालं.”

“तिनं न्हाई लावली,” पंडित म्हणाला.

तो इतकं हळू बोलला की चंद्रभाननं “काय?” म्हणून विचारलं.

“कडी तिनं न्हाई लावली. म्या लावली. तू तिच्या हाताला व्हतास, ती पुढं पळायली व्हती. मी मागं व्हतो. ‘कडी लाव रं’ म्हणली, म्या लावली.”

सरजाबाई म्हणाली, “गप बस, पंडित.”

“न्हाई. आज बोलू दे.” पंडित आईकडं वळला. “आतून आवाज आला व्हता, आई. म्या ऐकला. मला वाटलं शेळी हाय. ज्वारीत आलो तर शेळी चंद्रभानपाशी. त्यानं आदीच सोडून आणली व्हती. तवाच मला कळलं आत कोण हाय ते. भ्यालो मी. कुणाला काही बोललो न्हाई.”

सत्यशीला दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. मला माझीच लाज वाटली. सोळा वर्षं आम्ही सगळे त्या बाईच्या पापाची गोष्ट एकमेकांना सांगत होतो, आणि ती मुलाच्या पुढं उभी राहून ती गोष्ट अंगावर घेत होती. गेममध्ये ती दार लावत नव्हती, कारण पंडित मागं बसून बघत होता. पुण्याला त्याला एकटं सोडलं नाही, पालमला जायला तयार नव्हती, ते यासाठीच. कडी कोणी लावली हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. आवाजाचं मात्र तिला आजच कळलं. ते ऐकताना तिचा चेहरा कसा झाला, ते मी लिहीत नाही.

मग ती म्हणाली, “आवाज तर समदीकडंच व्हता रे त्या टायमाला.”

ती उठली. आतून स्वतःची दोन लुगडी आणून तिनं चंद्रभानच्या पिशवीत भरली. चंद्रभान म्हणाला, “राहू दे आई, मी पाळीचं काही म्हणत न्हाई. तू हितंच ऱ्हा.”

“पाळी म्हणून न्हाई येत. सुनंचं बाळंतपण हाय. मला यायचंय म्हणून यायलेय. मन झालं की परत यीन,” ती म्हणाली. “आता पंडितपाशी बसून ऱ्हायाची गरज न्हाई. बोलला तो.”

स्टँडवर आम्ही सगळेच गेलो. पालमची गाडी लागली होती. चंद्रभान जागा धरायला आत चढला. पंडित पायरीजवळ उभा होता, आईचा हात सोडत नव्हता.

“मी लावली ना पण,” तो म्हणाला. बाकी काही त्याला सुचत नव्हतं.

सरजाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. “कडी लावलास तू, बाबा,” ती म्हणाली. “काडी न्हाई लावलास.”

पंडित तिथंच, सगळ्या स्टँडसमोर, हंबरडा फोडून रडायला लागला. ती त्याचं रडणं संपेपर्यंत पायरीवरच थांबली, आणि कंडक्टरनंही घंटी मारली नाही.